मास कॉम की मीडिया-कल्चरल स्टडीज? दोन्ही वर्गांत बसून पाहिल्यावर

पदवी झाली, माध्यमांची ओढ आहे, आता एम.ए. कशात करू, असं महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. मी आधी मास कॉमची, म्हणजे मास कम्युनिकेशनची, एक वर्षाची पदविका केली आणि मग मीडिया अँड कल्चरल स्टडीजमध्ये, म्हणजे माध्यमं आणि समाज-संस्कृती यांच्या नात्याच्या अभ्यासात, एम.ए. फी, जागा, प्रवेश परीक्षा हे तुम्ही शोधलं असेलच, त्यात शिरत नाही.

मास कॉममध्ये हात बसतो. बातमीचा इंट्रो कसा लिहायचा, बाइट, म्हणजे कुणाच्या बोलण्याचा छोटा तुकडा, कुठे कापायचा, माईक धरून अनोळखी माणसाशी बोलायचं कसं, हे मी तिथेच शिकलो आणि ते आजही कामी येतं. शिकवणारे बहुतेक जण न्यूजरूममधून आलेले होते, जीव ओतून शिकवायचे.

मला खुपली ती एकच गोष्ट. दोन मिनिटं.

डोंबिवलीतल्या एका चाळीत टीव्ही मालिका कशा पाहिल्या जातात, हा माझा प्रोजेक्ट होता. चार संध्याकाळी सहा घरांत जाऊन बसलो. एका घरात काकू मेथी निवडत होत्या आणि त्यांची पाठ चक्क टीव्हीकडे होती. म्हटलं, “काकू, तुम्ही बघत नाही का?” तर म्हणाल्या, “ऐकते ना रे. काही घडायचं असलं की म्युझिक वाजतं, तेव्हा मान वळवायची.” सूनबाई ओट्याशी उभ्या राहून तीच मालिका ऐकत होत्या. आठ वाजता काका आले आणि कुणी काही न बोलता रिमोट त्यांच्याकडे गेला.

हे सगळं सरांना दाखवलं. त्यांना आवडलं. म्हणाले, “दोन मिनिटांचं पॅकेज कर, काकूंचा एक बाइट ठेव.” धंद्याच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच होतं, बातमीपत्रात तेवढीच जागा असते. पण ओटा गेला, रिमोट गेला, मेथी तेवढी उरली. वर्षभर प्रत्येक कामाचं असंच व्हायचं. कसं दाखवायचं यावर तासन्‌तास चर्चा व्हायची. समोरचा त्याचं काय करतो, हे विचारायला वेळापत्रकात जागाच नव्हती.

एम.ए.च्या पहिल्या सत्रात ब्रिटनमधले संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल वाचायला मिळाले. पाठवणाऱ्याने घातलेला अर्थ घेणारा जसाच्या तसा घेईल असं नाही. तो मान्य करेल, स्वतःच्या परिस्थितीप्रमाणे वळवेल किंवा नाकारेल, अशी त्यांची १९७३ सालची मांडणी. पुढे माध्यम-संशोधक डेव्हिड मॉर्ली यांनी ऐंशीच्या दशकात दक्षिण लंडनमधल्या घरांत जाऊन कुटुंबं टीव्ही कशी पाहतात याचा अभ्यास केला. पुरुष शांतपणे, टक लावून पाहतात. बायका हातातलं काम करत पाहतात. रिमोट बहुधा वडिलांकडे. मला थेट डोंबिवली आठवली. जे कापून टाकायला सांगितलं होतं, तोच इथे अभ्यासाचा विषय होता.

बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘मूकनायक’ पत्राचंही तसंच. पदविकेत ती परीक्षेपुरती तारीख होती, पहिल्या अंकाची, ३१ जानेवारी १९२०. एम.ए.त आम्ही त्यावर दोन आठवडे बोललो. पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने या पत्राची जाहिरात छापली नाही. मग ज्याला आपण मराठी वाचकवर्ग म्हणतो, त्यात तेव्हा नेमकं कोण धरलेलं होतं?

उणिवा आहेतच. वाचन जवळजवळ सगळं इंग्रजीत, पहिले तीन महिने एकेक परिच्छेद दोनदा वाचावा लागला. घरी “याने नोकरी कुठे लागते?” याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही. पदवी संपताच न्यूजरूममध्ये शिरायचं पक्कं असेल तर मास कॉमच करा, यात मला शंका नाही.

कोर्सच्या नावावर मात्र जाऊ नका. दिल्लीत जामिया मिलिया विद्यापीठाच्या मास कम्युनिकेशन केंद्राचा भर निर्मितीवर, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारितेची जुनी परंपरा, तर मुंबईत देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) सिद्धान्तासोबत माहितीपटही करावा लागतो. हात आणि डोकं दोन्ही हवं असेल त्यांना हा तिसरा प्रकार मला जास्त जवळचा वाटतो. ब्रिटनमधलं एम.ए. एका वर्षात होतं हे खरं, पण प्रबंधाला उन्हाळ्याचे तीनेक महिनेच मिळतात. तुमचा विषय साताऱ्यातल्या गावात असेल तर तिथे किती संध्याकाळी बसता येईल, हे आधी मोजा.

जमलं तर अर्ज भरण्याआधी विभागात जाऊन गेल्या वर्षीच्या प्रबंधांची यादी मागा. मी मागितली तेव्हा त्यात एक विषय गावातल्या केबलवाल्याचा होता आणि एक लग्नातल्या व्हिडिओ शूटिंगचा. मी त्याच दुपारी अर्ज भरला.