गॉडफादरचा ४के सेट: पैसे काळोखाचे आहेत

आधीच सांगतो, कोपोलाचा १९७२ चा माफिया कुटुंबावरचा गॉडफादर चांगला पिक्चर आहे की नाही यावर मी इथे लिहिणार नाहीये, ते लिहून लोकांनी गुळगुळीत केलंय. हा रिव्ह्यू आहे २०२२ मध्ये पिक्चरला पन्नास वर्षं झाली म्हणून तिन्ही भागांचा जो ४के (म्हणजे साध्या ब्लूरेपेक्षा बारीक चित्राच्या) डिस्कचा सेट आला त्याचा. पिक्चर ओटीटीवर सहज मिळत असताना डिस्कवर एवढे पैसे कशाला घालायचे, हा प्रश्न घरच्यांनी विचारला आणि तो रास्तच आहे. माझं उत्तर असं की या पिक्चरकडून अमेरिकन सिनेमा जे शिकला त्यातलं निम्मं काळोखात आहे आणि स्ट्रीमिंगवर तो काळोख काळा दिसतच नाही, करडा करडा दिसतो आणि त्यात बारीक चौकोन वळवळत असतात.

पहिलाच सीन लावून बघा. डॉनकडे मदत मागायला आलेला, काळ्या कोटातला बोनासेरा, मागे सगळं काळं, तो बोलतोय आणि झूम इतक्या हळू मागे येतो की आपल्याला कळत नाही, मग कडेने एक हात येतो, नुसती आकृती, आणि मग कळतं की आपण इतका वेळ कुणाच्या तरी खांद्यामागून बघतोय. डिस्कवर त्या हाताच्या मागचा काळा आणि कोटाचा काळा वेगवेगळे दिसतात. लगेच बाहेर लग्न, ऊन डोळ्यांवर येईल असं, आणि डॉल्बी व्हिजनमध्ये (उजेड-काळोखातला फरक वाढवून दाखवणारं तंत्र) तो फरक खरंच जाणवतो.

हे सगळं कॅमेरामन गॉर्डन विलिसचं काम. डॉन झालेला ब्रँडो तेव्हा पन्नाशीचाही नव्हता, त्याला म्हातारा केलेला मेकअप नीट दिसावा म्हणून विलिसने लाइट वरून टाकले, त्यात डोळे सावलीत गेले, आणि नटाचे डोळे दिसलेच पाहिजेत हा तर हॉलिवूडचा कायदा, स्टुडिओवाले वैतागले. नंतर मात्र तिकडे सगळ्यांनाच तसा अंधार हवासा झाला. दुसरा मोठा कॅमेरामन कॉनरॅड हॉल विलिसला अंधाराचा राजपुत्र म्हणायचा. आणि ऑस्करवाल्यांनी? पिक्चरला बेस्ट पिक्चर दिलं, कॅमेऱ्याला साधं नॉमिनेशन पण नाही. मानद ऑस्कर दिलं ते थेट २००९ मध्ये. हल्लीच्या क्राइम सिरीजमध्ये नुसता अंधार असतो, कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही, ती विलिसची अर्धवट नक्कल आहे, कारण तो काळोखाच्या शेजारी कुठेतरी उजेड ठेवायचा.

रिस्टोरेशनबद्दल थोडं. पिक्चर एवढा चालला की मूळ निगेटिव्हवरून प्रिंटा काढून काढून ती पार झिजली. २००७-०८ मध्ये जुने पिक्चर दुरुस्त करणाऱ्या रॉबर्ट हॅरिसने विलिसला विचारून पहिलं मोठं रिस्टोरेशन केलं, आताचं त्याच्यावर बेतलंय. या वेळी फिल्मच्या तीनशेच्या वर पेट्या तपासल्या, डाग आणि फाटलेलं दुरुस्त करायला चार हजार तासांच्या वर गेले असं स्टुडिओचं म्हणणं आहे. विलिस २०१४ मध्ये गेला, म्हणजे या वेळी विचारायला तो नव्हता, आणि मला जुन्या ब्लूरेपेक्षा यात पिवळेपणा जरा कमी वाटतो. काहींना हेच आवडेल, मला तो पितळी रंग थोडा जास्त चालला असता.

बरं, प्रभाव फक्त दिसण्याचा नाही. १९३१ च्या लिटल सीझर, पब्लिक एनिमीमधला गँगस्टर एकटा वर चढायचा आणि शेवटी मरायचाच, पुढे सेन्सॉर कोड कडक झाल्यावर तर गुन्हेगाराला शिक्षा सक्तीचीच झाली. तो कोड १९६८ मध्ये गेला. त्याच वर्षी याच स्टुडिओचा, म्हणजे पॅरामाउंटचा, माफियावरचा द ब्रदरहूड आपटला होता, म्हणून गॉडफादरला पैसे द्यायलाही ते कां-कूं करत होते. आणि मग इथे डॉनचा मुलगा मायकल (पचिनो) मरत नाही, जिंकतो, खुर्चीत बसतो आणि बायकोच्या तोंडावर दार बंद होतं. गँग म्हणजे घर आणि धंदा एकत्र, ही गोष्ट इथून पुढे सगळ्यांनी उचलली. स्कॉर्सेसीने १९९० मध्ये गुडफेलाज केला तो जवळजवळ याला उत्तर म्हणून बघता येतो, डॉन नाही, खालची पोरं, सगळं धावतं. सोप्रानोज या टीव्ही सिरीजमधले गुंड तर स्वतःच बसून गॉडफादरचे डायलॉग मारतात. (आपल्याकडे रामूने सरकार केला, तो विषय वेगळा.) आणि सिक्वेलला नावापुढे सरळ आकडा लावायची सवय हॉलिवूडला दुसऱ्या भागाने लावली, त्याबद्दल माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

आवाज. मेनूमध्ये ५.१ (चहूबाजूंच्या स्पीकरांचा आवाज) आहे पण पहिल्या दोन भागांना मूळ मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा आवाज, पण दिलाय, तोच लावा. रेस्टॉरंटच्या सीनमध्ये मायकल ज्याला मारायला आलाय तो सोलोत्सो इटालियनमध्ये बोलतो, सबटायटल नाही, म्युझिक नाही, पचिनोचे डोळे इकडेतिकडे आणि न दिसणाऱ्या लोकलचा खडखडाट वाढत जातो, तो साउंडवाल्या वॉल्टर मर्चने घातलेला. गोळ्या झाल्या, पिस्तूल पडलं, तेव्हा कुठे म्युझिक येतं. मोनोमध्ये ते सगळं समोरून एकत्र अंगावर येतं.

घेण्याआधी दोन गोष्टी. इथे डिस्क बाहेरूनच मागवावी लागते, ४के डिस्कला रिजन नसतो पण प्लेअर ४केवालाच लागेल, साध्या ब्लूरे प्लेअरमध्ये चालत नाही. माझा बॉक्स कोपऱ्यात चेपून आला, विकणाऱ्याने बदलून द्यायला नुसतं टोलवलं, डिस्क ठीक होत्या म्हणून गप्प बसलो. आणि टीव्हीचं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, नाहीतर डॉन सिरियलमधल्या सासऱ्यासारखा दिसतो.

तिसऱ्या भागाची तीन व्हर्जन्स दिलीत, थिएटरचं, १९९१ चं आणि कोपोलाने २०२० मध्ये परत कापलेलं कोडा. बघायचाच असेल तर कोडा बघा, सुरुवात तरी घट्ट झालीये. मी मात्र तिसऱ्याऐवजी पहिला भाग कोपोलाच्या कॉमेंट्रीसकट परत लावला, त्यात शूटिंग चालू असताना आपल्याला कधीही काढून टाकतील ही धास्ती तो इतक्या वर्षांनी पण विसरलेला नाही.