चॉक पेंटचा तयार संच: जुन्या लाकडाला काय मानवते आणि काय नाही

जुने लाकडी सामान घरच्या घरी रंगवून त्याला पूर्वीच्या काळचे रूप देण्यासाठी जे तयार संच मिळतात, त्यांच्या वेष्टनावर एक आश्वासन हमखास छापलेले असते: घासण्याची गरज नाही, प्रायमरची (रंगाआधी द्यायच्या अस्तराची) गरज नाही. प्रस्तुत परीक्षण अशाच एका संचाचे आहे. त्यात चॉक पेंटचे दोन डबे (एक मळकट पांढरा, दुसरा राखाडी झाक असलेला निळा), बिनरंगी मेणाचा डबा, गडद तपकिरी मेणाची लहान डबी, रंगाला भेगा पाडणाऱ्या द्रावणाची बाटली, एक जाडजूड गोल ब्रश आणि पॉलिशपेपरचे काही तुकडे आहेत. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे त्यातले बहुतेक या प्रकारच्या कोणत्याही संचाला लागू पडते. एक जुने स्टूल, खणांचे कपाट, आरशाची चौकट आणि जुन्या धाटणीचे पण नव्याच बनावटीचे एक शेल्फ अशा चार वस्तूंवर तो वापरून पाहिला.

चॉक पेंट हा प्रकार फार जुना नाही. इंग्लंडमधील ॲनी स्लोन यांनी तो १९९० मध्ये विकसित केला आणि ते नाव त्यांच्या कंपनीचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. त्यामुळे इतर उत्पादक आपल्या डब्यांवर ‘चॉकी’, ‘चॉक फिनिश’ अशी वळणे घेतात. या प्रकारच्या बहुतेक रंगांत कॅल्शियम कार्बोनेटची, म्हणजे खडूच्या जातीची, बारीक भुकटी भरपूर असते आणि कण एकमेकांना धरून ठेवणारे बंधक द्रव्य त्या मानाने कमी असते. साध्या रंगात बंधक द्रव्य सगळे कण बुडवून वर गुळगुळीत पापुद्रा धरते, म्हणून तो चमकतो. इथे कण उघडे राहतात, प्रकाश विखुरतो आणि पृष्ठभाग मखमली, निस्तेज दिसतो. या रंगाचे सगळे गुण आणि जवळजवळ सगळे दोष याच एका रचनेतून येतात, हे लक्षात ठेवले की पुढचे कोडे उरत नाही.

मुख्य दाव्याकडे वळू. घासण्याची गरज नाही, हे बऱ्याच अंशी खरे आहे. स्टुलावरचे जुने वार्निश झिजून मंद झाले होते. त्यावर हा रंग पहिल्याच हाताला धरून बसला आणि पूर्ण वाळल्यावर नखाने खरवडूनही निघाला नाही. मात्र ‘घासू नका’ याचा अर्थ ‘धुऊ नका’ असा होत नाही, आणि संचासोबतच्या पत्रकात हा भेद एका ओळीत उरकला आहे. जुन्या सामानावर हातांचा तेलकटपणा, स्वयंपाकघरातला चिकटा आणि वर्षानुवर्षे चोळलेले मेणाचे पॉलिश यांचा थर बसलेला असतो. विशेषतः सिलिकोन असलेले फवारणीचे पॉलिश पूर्वी वापरले गेले असेल, तर रंग त्या जागी आकसून मागे सरतो आणि गोल टिकल्यांसारखे उघडे ठिपके दिसू लागतात. साबणाच्या कोमट पाण्याने, आणि मेण असेल तर मिनरल टर्पेंटाइनने, पृष्ठभाग निघेल तितका स्वच्छ केल्याशिवाय डब्याचे झाकण उघडू नये.

यापेक्षा मोठी उणीव प्रायमरविषयीच्या आश्वासनात आहे. खणांचे कपाट लालसर गडद लाकडाचे होते. त्यावर पांढऱ्या रंगाचा पहिला हात वाळला तेव्हा सर्व काही ठीक दिसत होते. दुसऱ्या दिवशी मात्र मधल्या खणाच्या दर्शनी फळीवर पिवळट-गुलाबी डाग उमटले, आणि दुसरा हात दिल्यावर ते फिके होण्याऐवजी पुन्हा वर आले. यात लाकडाचा काहीही दोष नाही. ओक, महोगनी यांसारख्या लाकडांत टॅनिन हे पाण्यात विरघळणारे नैसर्गिक द्रव्य असते, आणि जुन्या फर्निचरला गडद करण्यासाठी लावलेले रंगद्रव्यही पुष्कळदा विरघळणारे असते. चॉक पेंट पाण्यात कालवलेला आणि सच्छिद्र. प्रत्येक नवा हात खालचे द्रव्य थोडे भिजवतो आणि वर खेचून आणतो. अशा जागी रंगाचे कितीही हात दिले तरी डाग हटत नाही. त्याला उपाय लाखेचा: स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या, मेण काढून टाकलेल्या लाखेचे दोन पातळ हात आधी दिले की डाग तिथेच कोंडले जातात. संचात ही बाटली नाही आणि पत्रकात तिचा उल्लेखही नाही. भेगा पाडणाऱ्या द्रावणाच्या जागी लाखेची बाटली दिली असती, तर हा संच दुप्पट उपयोगी ठरला असता.

जुन्या वस्तूवर मूळचे पॉलिश कोणते आहे, हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. न दिसणाऱ्या जागी, उदाहरणार्थ फळीच्या खालच्या अंगाला, स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा क्षणभर टेकवून ठेवावा. पृष्ठभाग चिकट होऊन बोळ्याला तपकिरी रंग लागला, तर ते बहुधा लाखेचे पॉलिश आहे. काहीच झाले नाही, तर तेलाचे वार्निश किंवा आधुनिक पॉलियुरेथेन असण्याची शक्यता जास्त.

आता एक गंभीर मुद्दा. जुन्या रंगवलेल्या वस्तूंमध्ये शिसे असू शकते. शिशाचा पांढरा रंग शतकानुशतके वापरात होता. अमेरिकेने घरगुती रंगांत शिशाच्या वापरावर १९७८ मध्ये बंदी घातली, आणि आज अनेक देशांनी दशलक्ष भागांत ९० भाग ही कमाल मर्यादा स्वीकारली आहे. त्या आधीच्या काळातल्या वस्तूवरचे पोपडे कोरडे घासणे म्हणजे विषारी धूळ घरभर पसरवणे होय, आणि घरात लहान मुले असतील तर हा धोका पत्करण्यासारखा मुळीच नाही. या दृष्टीने ‘घासण्याची गरज नाही’ हा गुण केवळ आळशी माणसाच्या सोयीचा नाही. खालचा शाबूत थर न उकरता झाकून टाकणे हेच अशा वेळी शहाणपणाचे असते. गंमत अशी की, हाच संच शेवटच्या पायरीवर हातात पॉलिशपेपर देतो आणि कडा घासून खालचा थर ‘उघडा करा’ असे सांगतो! सुरुवातीला टाळलेली धूळ शेवटी उडवायची, हा विरोधाभास पत्रक लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आलेला दिसत नाही. खाली जुना तैलरंग असल्याची शंका असेल, तर वस्तू झिजवण्याचा सोस सोडून द्यावा. खाली नवे किंवा नुसते लाकूड असेल, तेव्हासुद्धा ओले फडके पुरते: मेण लावण्यापूर्वी हा रंग पाण्याने मऊ पडतो, आणि कडेवर ओलसर फडके चार वेळा फिरवले की धूळ न उडता तो निघून येतो. पॉलिशपेपरने पडतात तसे ओरखडेही पडत नाहीत.

रंग लावण्याचा अनुभव सुखाचा आहे. रंग दाट असल्याने उभ्या पृष्ठभागावर ओघळ येत नाहीत, वास नाममात्र येतो, ब्रश पाण्याने धुता येतो. पहिला हात मात्र नेहमीच भुरकट आणि पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. तेथे धीर सोडून लगेच जाड थर थापू नये. रंग पटकन वाळत असल्याने अर्धवट वाळलेल्या भागावर पुन्हा ब्रश फिरवला की तो गोळा होऊन ओढला जातो. थोडे पाणी मिसळले की हात सैल होतो. ब्रशाच्या खुणा दिसू नयेत असे वाटणाऱ्यांनी या प्रकाराच्या नादी न लागलेलेच बरे. संचातला गोल ब्रश दिसायला देखणा असला तरी सुरुवातीला त्याचे केस गळतात, आणि आरशाच्या चौकटीवरील नक्षीच्या खाचांतून ते चिमट्याने वेचावे लागले. निळ्या रंगाची निवड उत्तम आहे. त्यातली राखाडी झाक डोळ्यांना टोचत नाही.

खरी मेहनत मेणाची आहे. चॉक पेंटचा पृष्ठभाग सच्छिद्र असल्याने तो तसाच ठेवला तर बोटांचे ठसेसुद्धा शोषून घेतो. त्याला मेणाचे किंवा वार्निशचे संरक्षण द्यावेच लागते. बिनरंगी मेण थोडे थोडे घेऊन फडक्याने चोळून जिरवायचे, जास्तीचे पुसून काढायचे आणि दुसऱ्या दिवशी कोरड्या मऊ फडक्याने घासून तकाकी आणायची, असा हा क्रम आहे. मेण हाताला लगेच कोरडे लागते, तरी ते पुरते कडक व्हायला तीन ते चार आठवडे जातात, आणि तोवर वस्तू जपून वापरावी लागते. गडद मेण थेट रंगावर कधीही लावू नये, कारण तो ते शाईसारखे शोषून घेतो आणि मग धब्बे निघत नाहीत. आधी बिनरंगी मेणाचा थर द्यावा, त्यावर गडद मेण खाचांत भरावे आणि जिथे जास्त झाले असेल तिथे पुन्हा बिनरंगी मेणानेच पुसून काढावे. आरशाच्या चौकटीवर याचा परिणाम फारच सुरेख आला: पानांच्या नक्षीच्या तळाशी तपकिरी छाया उतरली, उंचवटे उजळ राहिले, आणि कोरीव काम जे नुसत्या पांढऱ्या रंगाखाली सपाट झाले होते ते पुन्हा उठून दिसू लागले. या एका परिणामासाठी ती लहान डबी घेण्यासारखी आहे.

तरीही मेणाच्या मर्यादा पत्रकात स्पष्ट सांगायला हव्या होत्या. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळते. त्यात मिसळले जाणारे कार्नोबा मेण ८० अंशांच्या पुढे टिकते, पण मिश्रण बहुधा मऊ मेणाच्याच बाजूला झुकलेले असते. म्हणजे ताज्या चहाचा कप थेट टेकवला की कडे उमटणार, हे ठरलेलेच. टेबलाच्या वरच्या फळीला मेणाऐवजी पाण्यात मिसळणारे निस्तेज वार्निश द्यावे. मात्र तो निर्णय आधीच घ्यावा, कारण एकदा मेण लावल्यावर त्यावर ना वार्निश धरते ना नवा रंग.

भेगा पाडणाऱ्या द्रावणाविषयी माझे मत प्रतिकूल आहे. रंगाच्या दोन हातांमध्ये ते लावले की वरचा हात वाळताना आकसतो, खालच्या निसरड्या थरावर सरकतो आणि तडकतो. युक्ती काम करते, यात शंका नाही. पण सगळीकडे सारख्याच मापाच्या, सारख्याच खोलीच्या भेगा पडतात आणि वस्तू जुनी न दिसता नाटकाच्या नेपथ्यातली दिसते. वेष्टनावरच्या छायाचित्रात कपाटाच्या सर्व कडा एकसारख्या घासलेल्या दाखवल्या आहेत, तीही याच जातीची चूक. वस्तू झिजते ती वापराने: खणाच्या मुठीभोवती, खुर्चीच्या हातांच्या टोकाला, पाय टेकवायच्या पुढच्या आडव्या दांडीवर, झाकणाच्या पुढच्या कडेला. कपाटाची मागची कड किंवा पायांची आतली बाजू कोणाचाही हात न लागल्याने शाबूत राहते. स्टुलावर फक्त बैठकीची पुढची कड आणि खालची एक दांडी ओल्या फडक्याने झिजवली, बाकी सर्व तसेच ठेवले, आणि तेवढ्याने ते विश्वासार्ह दिसले.

हा रंग कोणत्या वस्तूवर लावू नये, हे सांगणे तितकेच आवश्यक आहे. खणाच्या कोपऱ्यातले सांधे हाताने कापलेले, किंचित असमान डव्हटेल (पक्ष्याच्या शेपटीसारख्या पसरट खाचांचे) असतील, स्क्रूला एकच सरळ खाच असेल (फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आला), आणि लाकडाच्या नैसर्गिक रेषा नितळ असतील, तर ब्रश खाली ठेवावा आणि आधी जाणकार सुताराला विचारावे. नुसते स्वच्छ करून मेण चोळल्याने अशा वस्तू अधिक शोभतात. फर्निचर घडवणारे मिखाएल टोनेट यांच्या १८५९ सालच्या चौदा क्रमांकाच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्चीची उदाहरणे याच संदर्भात आठवतात: वाफेवर वाकवलेले सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यावर उभी असलेली ती खुर्ची आहे, आणि तिच्या नकला इतक्या झाल्या की अस्सल वाटणारी प्रत पुष्कळदा कालपरवाची निघते. नक्कल असेल तर हवी तशी रंगवावी. अस्सल असेल तर रंगाने तिचे मोल घटेल.

नव्या बनावटीच्या शेल्फवर निकाल मध्यम लागला. ते एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून बनवलेल्या फळ्यांचे होते. सपाट भागावर रंग छान बसला, पण कापलेल्या कडांनी पाणी शोषून ते खरबरीत फुगले, आणि कड घासल्यावर आतून लाकूड न दिसता तपकिरी भुसा दिसला, ज्याने जुनेपणाचा सारा आभास फुकट गेला. अशा सामानावर खाली गडद, वर फिकट असे दोन रंग द्यावेत आणि वरचाच तेवढा झिजवावा. चकचकीत लॅमिनेटवर मात्र प्रायमरशिवाय हा रंग लावूच नये. नखाने पापुद्रा निघतो.

धातूच्या मुठी आणि बिजागऱ्या यांसाठी संचात काहीही नाही. त्या काढून वेगळ्या स्वच्छ कराव्यात, आणि मुठीला लोहचुंबक चिकटला तर ती पितळी मुलाम्याची आहे असे समजून जोरात घासू नये. लाकडात बारीक भोके असतील आणि खाली फिकट ताजा भुगा पडत असेल, तर आत किडा जिवंत आहे. आधी त्याचा बंदोबस्त, मग सजावट.

एकंदरीत, रंगाला आणि बिनरंगी मेणाला मी चांगले गुण देईन, गडद मेणाला नक्षीकामापुरते, भेगांच्या बाटलीला आणि ब्रशाला जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे पूर्ण संच घेण्यापेक्षा रंग व मेण सुटे घ्यावे आणि उरलेल्या पैशांत लाखेची बाटली व चांगला ब्रश आणावा. लागेल तेवढाच रंग दुसऱ्या भांड्यात काढून डबा लगेच बंद करावा आणि बंद करण्यापूर्वी त्याची कड पुसावी, कारण कडेवर सुकलेल्या रंगाचे कण पुढच्या वेळी डब्यात पडतात आणि गुळगुळीत फळीवर खड्यांसारखे उमटतात.