बगचं वर्णन टर्मिनलमधून बदलायचं, तर जीएच की गिट-बग?

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातल्या अडत्यांना किंवा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्र्यांना सॉफ्टवेअर देणारी तीन-चार जणांची टीम असेल, तर हा प्रश्न कधीतरी येतोच. जीएच म्हणजे गिटहबचं टर्मिनलमधून चालणारं टूल, आणि गिट-बग म्हणजे बगच्या नोंदी गिट रेपोमध्येच, म्हणजे कोडच्या साठ्यातच ठेवणारं टूल. बग नोंदवणं सगळ्याच टूल्सना जमतं. फरक कळतो तो नोंदलेलं वर्णन बदलताना: आधीचा मजकूर कुठे जातो, आणि त्याच वेळी दुसऱ्यानं केलेल्या बदलाचं काय होतं?

एक तक्रार घेऊ. गुळाचा अडत्या सांगतो, "काटा बरोबर दावतोय, पावतीवर मात्र रव्याचं वजन कमी येतंय." तपासल्यावर कळतं, बारदान दोनदा वजा होतंय. आता वर्णन बदलायचं आहे.

कोड गिटहबवर असेल तर 'जीएच इश्यू एडिट' आणि पुढे इश्यूचा, म्हणजे बगच्या नोंदीचा नंबर. नुसतं एवढंच दिलं तर काय बदलायचं ते विचारून एडिटर उघडतं, जुना मजकूर समोर येतो. 'बॉडी' हा पर्याय देऊन कमांडमध्येच मजकूर लिहिता येतो, पण त्यानं अख्खं वर्णन बदलतं, जुन्यात भर पडत नाही. शिवाय दुहेरी अवतरणात बॅकटिक (`) आला की शेल आतला मजकूर कमांड समजून चालवतं, आणि डॉलरचं चिन्ह असेल तर व्हेरिएबल शोधतं. वर्णनात कोडचा तुकडा हमखास असतो, म्हणून मी टीमला 'बॉडी' वापरूच नका असं सांगतो. मजकूर फाइलमध्ये लिहा आणि 'बॉडी-फाइल' द्या.

जीएचची दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. तुमचा एडिटर उघडा असताना सहकाऱ्यानं ब्राउझरमध्ये चेकलिस्टवर टिक केली, तर तुम्ही सेव्ह करताच ती पुसली जाते. जुनी आवृत्ती गिटहबच्या वेब पानावर 'एडिटेड'खाली सापडते, टर्मिनलमध्ये 'जीएच इश्यू व्ह्यू' दिलं तर मात्र हा इतिहास दिसत नाही.

गिट-बगचा पाया वेगळा आहे. बग गिटच्याच ऑब्जेक्टमध्ये राहतात, कामाच्या फोल्डरमध्ये एकही फाइल पडत नाही. वर्णन म्हणजे पहिली कॉमेंट, आणि तिच्यातला प्रत्येक बदल स्वतंत्र नोंद म्हणून साठतो. दोघांनी एकाच वेळी बदललं तरी मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे हातानं सोडवावा लागणारा गुंता, येत नाही. वर दिसतो शेवटचा मजकूर, पण आधीचाही रेपोमध्येच असतो. आणि हे सगळं नेटशिवाय चालतं. बऱ्याच कारखान्यांत बाहेरच्या लॅपटॉपला नेटवर्क देत नाहीत. तिथं यंत्राशेजारी उभं राहूनच वर्णन दुरुस्त करायचं आणि ऑफिसात आल्यावर 'गिट बग पुश' द्यायचं. ही सोय मला फार मोलाची वाटते. खटकतो तो आयडी: गिटहबसारखा साधा नंबर नाही, अक्षरं-आकड्यांचा लांबलचक हॅश असतो. "त्रेपन्न नंबर बघ" असं फोनवर सांगता येतं, हॅशची अक्षरं सांगताना घोळ होतो.

रेपोमध्येच मार्कडाउन फाइल ठेवायचा मार्गही आहे. डिफ (काय बदललं ते) छान मिळतो, पण ब्रांचगणिक, म्हणजे कोडच्या प्रत्येक फांदीत, वर्णन वेगळं होतं. एकट्यानं काम करणाऱ्यालाच तो परवडेल.

वर्णनं मराठीत लिहीत असाल तर एडिटरकडे लक्ष द्या. बऱ्याच टर्मिनलमध्ये जोडाक्षरं फुटतात, कर्सर भलतीकडेच दिसतो. व्हीएस कोड लावणं बरं, पण 'कोड'पुढे 'वेट' हा पर्याय हवाच, नाहीतर तुमचं लिहून होण्याआधीच टूल पुढे जातं. जीएच आधी 'जीएच एडिटर', मग 'गिट एडिटर', 'व्हिज्युअल' आणि शेवटी 'एडिटर' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतं.

माझं मत: टीम ऑफिसात बसून काम करते आणि इश्यू गिटहबवर आहेत, तर जीएचच घ्या. निम्मा आठवडा कारखान्यांत जात असेल तर गिट-बग. गिटहबशी जोडणारा ब्रिज त्यात आहे, त्यामुळे जुने इश्यू आणता येतात. टूल कुठलंही असो, अडत्याचं ते वाक्य वर्णनात सगळ्यात वर जसंच्या तसं ठेवा आणि बारदानाचा शोध त्याखाली लिहा. दुरुस्ती झाली की पावती तपासायची ती त्याच्याच वाक्यावरून.