फ्लिकर: घरातल्या जुन्या फोटोंसाठी कसं आहे?

फॅमिली ग्रुपवर जुना फोटो टाकला की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. चार नमस्कार, दोन बदाम, आणि दुपारपर्यंत तो गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो. इन्स्टाग्रामची स्टोरी तर 24 तासांचीच. मला वडोदऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याची गोष्ट सांगायची होती, पुण्या-नागपूरच्या आणि टोरांटोच्या भाचरांना सवडीने वाचता येईल अशी. म्हणून फ्लिकर, म्हणजे फोटो ठेवायची आणि इतरांना दाखवायची वेबसाइट.

सेवा 2004 ची, मधे याहूकडे होती, 2018 पासून स्मगमग या कंपनीकडे आहे. "मावशी, ते अजून चालू आहे?" असं भाचरं विचारतात. आहे की!

मला सगळ्यात आवडली ती तारखेची सोय. स्कॅन केलेल्या फोटोवर स्कॅनचीच तारीख बसते आणि आजोबा एकदम परवाचे होऊन जातात. इथे फोटो काढल्याची तारीख बदलता येते. नक्की दिवस माहीत नसेल तर फक्त महिना, फक्त वर्ष, नाहीतर अंदाजे असंही नोंदवता येतं. आमच्याकडे तारखा म्हणजे 'धाकट्याच्या मुंजीआधी' किंवा 'विश्वामित्रीच्या पुरानंतर', तेव्हा ही सोय फारच कामाची.

एक फोटो सांगते. सूरसागरच्या कठड्याला टेकून तिघी आत्या उभ्या, मधलीच्या हातात कागदाची पुडी. मागे नुसतं पाणी, तलावातली महादेवाची उंच मूर्ती नाही, म्हणजे ती व्हायच्या आधीचा. धाकटीच्या गळ्यात मंगळसूत्र नाही, म्हणजे तिच्या लग्नाच्या, 1961 च्या, आधीचा. मी 'अंदाजे 1960' टाकलं आणि खाली लिहिलं की पुडीत शेंगदाणे असावेत. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन: "शेंगदाणे कसले, चणे होते! आणि खाली डावीकडे सावली दिसते ना, ती माझी. कॅमेरा मित्राकडून मागून आणला होता." इतकी वर्षं तो फोटो कपाटावर होता, सावली कुणी पाहिलीच नव्हती. आता फोटोचं नावच 'काकांची सावली' आहे.

खरं तर असं सगळं फोटोखालच्या कॉमेंटमध्ये यावं. पण कॉमेंट करायला स्वतःचं खातं लागतं आणि आमच्या घरात ते कुणी उघडणार नाही. वाचतात आणि फोन करतात. ऐकलेलं टाइप करायचं काम माझ्याकडे. मजकूर देवनागरीत छान दिसतो, बटणं मात्र मराठीत नाहीत.

फुकट खात्यात 1,000 फोटो बसतात. मला ही मर्यादा खुपली नाही, उलट आमच्या वडोदऱ्यातल्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यासमोरचे एकसारखे फोटो गाळायला कारण मिळालं. खुपतं ते दुसरंच: त्या हजारांत जगाला न दिसणारे फक्त 50 ठेवता येतात. वहिनींना त्यांचा डोहाळजेवणाचा फोटो परक्यांनी पाहिलेला चालणार नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे. तेव्हा आधी घरात विचारा, मग टाका.

अल्बममध्ये फोटो आपल्याला हवे त्या क्रमाने लावता येतात, त्यामुळे दिंडी दरवाजा, चौक, माजघर असं बघणाऱ्याला हाताला धरून नेता येतं. मजकूर दोन-तीन परिच्छेदांपुढे गेला की मात्र इथे वाचवत नाही. तेवढ्यासाठी मी ब्लॉगर या ब्लॉगच्या साइटवर लिहिते, तेही फुकट आहे, आणि फोटोखाली त्याची लिंक देते. मूळ स्कॅन हार्ड डिस्कवर ठेवाच. स्कॅनर नसेल तर फोटो फ्रेममधून काढून ओसरीतल्या उजेडात मोबाइलने टिपा, काचेवर ट्यूबलाइट चमकते.

पैसे भरून प्रो अजून घेतलेलं नाही. लग्नांचे अल्बम काढले की घ्यावं लागेल, त्यात नुसत्या पंगतींचेच ढीगभर आहेत.