अशोक चौकातलं रिवायंडिंगचं दुकान, ४ स्टार

कॉलेजच्या मेटामटेरियल (लहरी हव्या तशा वळवायला मुद्दाम रचून बनवलेलं मटेरियल) प्रोजेक्टला तांब्याच्या २०० बारीक स्प्रिंगा पाहिजे होत्या, काकांनी दोन दिवसांत करून दिल्या, रेट पण परवडला. एकच लोचा, तीसेक उलट्या पिळाच्या निघाल्या. काका म्हणले फिरवून बसव की, पण डावा पीळ कसाही फिरवला तरी डावाच राहतो ना, कायरल म्हणजे तेच तर! उजव्या पिळानं मायक्रोवेव्हचं पोलरायझेशन (म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा) एकीकडं वळतं, डाव्यानं उलटीकडं, मिसळले की इफेक्ट कमी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ लाच पिळलेल्या तागावर हे दाखवलेलं, आता सुताच्या गावात पिळाचं महत्त्व मी काय सांगणार. असो, काकांनी चहा पाजून बदलून दिल्या, जादा पैसे नाही घेतले. पार्किंगचे मात्र हाल.