ओटीजी, पाव आणि गेमिंग: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

२८ लिटरचा, १५०० वॅटचा, आत पंखा असलेला साधा ओटीजी, म्हणजे भाजायचा छोटा विजेचा ओव्हन. मुलुंडच्या वन बीएचकेत ओट्यावर मिक्सरशेजारी मावतो. संक्रांतीच्या सुमारास घेतला, आता दिवाळी तोंडावर आली आहे आणि माझं मत पक्कं झालंय: जरूर घ्या, पण डायलवरच्या आकड्यावर विसंबू नका. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास बेकिंगचं सामान विकणाऱ्या दुकानांत आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो सोबतच घ्या.

माझ्याकडे डायल १८० वर असला की थर्मामीटरचा काटा १६० च्या आसपास घुटमळतो. हा बिघाड नव्हे. थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची जोडपट्टी असते. ती तापून वाकली की ओव्हन तापवणारा रॉड बंद, निवली की परत चालू. म्हणून तापमान सतत वरखाली होत राहतं, आणि पत्रा पातळ असल्याने दार उघडलं की आतली गरमी भसकन बाहेर पडते. यावर माझा उपाय म्हणजे खालच्या जाळीवर बिनदांड्याचा बिडाचा तवा. ओव्हन तापवतानाच तो आत ठेवतो. जड बीड उष्णता धरून ठेवतं आणि केक मधेच बसत नाही.

पंख्याबद्दलही सांगतो. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून पीसी जोडणाऱ्यांना हवा खेळती ठेवण्याचं महत्त्व ठाऊक असतं, तेच इथे लागू आहे. सोबत आलेला मोठा ट्रे जवळपास भिंतींना टेकतो, आणि मग पंखा असून नसल्यासारखा. चारी बाजूंनी दोन बोटं जागा सुटेल असा लहान ट्रे वापरा. माझ्या बिस्किटांचा रंग त्यानंतर एकसारखा येऊ लागला.

प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, ६ अँपिअरच्या पॉइंटवर ते नको. विजेची मात्र फार धास्ती नको: रॉड तासभर अखंड चालला तरी दीड युनिट, आणि तो अखंड चालत नाही.

खरी परीक्षा मे महिन्यात. ओव्हन खातो ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन घरातच राहते. गेमिंग पीसीचंही तेच. जड गेम लावला की माझा पीसी सहज ४०० वॅट ओढतो. दोन्ही एकदम चालू ठेवले तर घरात बसवत नाही. म्हणून उन्हाळ्यात भाजणं सकाळी सातच्या आत, आणि ओव्हन चालू असताना गेम स्टीम डेकवर. वाल्व्हचं हे हातातलं यंत्र मामेभावाने अमेरिकेतून आणलं. त्याची मुख्य चिप जास्तीत जास्त १५ वॅट घेते. बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो, परत दाबलं की तिथूनच पुढे. मळलेल्या पिठावर नजर ठेवणाऱ्या माणसासाठी यापेक्षा सोयीचं यंत्र मी पाहिलेलं नाही.

गेमही बेतानेच निवडावा. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममधला पूर्ण दिवस साधारण १४ मिनिटांचा, आणि माझी नानकटाई १६० ला पंधराएक मिनिटांत होते. शेताला पाणी घालून, गावात एक फेरी मारून, रात्री झोपून गेम सेव्ह झाला की ट्रे बाहेर काढायची वेळ. सिव्हिलायझेशन हा डावपेचांचा गेम मात्र बेकिंगच्या वेळी लावू नका. त्यातली ‘आणखी एकच चाल’ संपत नाही.

आता पाव, ज्यासाठी मी हे सगळं घेतलं. मुंबईच्या हवेत कणीक भराभर फुगते. बहुतेक रेसिपी थंड देशांतल्या, त्यांतलं यीस्टचं माप इथे जास्त होतं आणि पावाला आंबूस वास येतो. अर्धा किलो मैद्याला मी ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घालतो आणि मळलेला गोळा रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतो. जुलैत मैदा हवेतली ओल धरतो, म्हणून पाव कप पाणी हाताशी राखून मळायला घ्यायचं आणि हाताला कळेल तसं वाढवायचं. गोळे ट्रेत चिकटून लावले की कडा मऊ राहतात आणि लादी तयार होते. थर्मामीटरवर २०० दिसलं की ट्रे आत, अठरा-वीस मिनिटं, बाहेर आल्या आल्या वरून लोणी. आईने पहिली लादी उकडीसारखी हाताने दाबून बघितली आणि ‘बाहेरचा आणू नकोस आता’ म्हणाली. मला त्याचा फार आनंद झाला.

किरकोळ तक्रारी: टायमरची घंटा पंख्याच्या आवाजात ऐकू येत नाही, फोनवर गजर लावा. आतला दिवा मंद. दाराचा हँडल सैल झाला तेव्हा सर्व्हिस सेंटरकडून माणूस यायला बराच वेळ लागला.

या ओव्हनला न जमणारी गोष्ट म्हणजे ब्रून, म्हणजे कडक पाव. तसं कडक कवच यायला भट्टीच्या जाड विटांची साठवलेली उष्णता लागते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा इतर स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, तेव्हा चव जाईल अशी हळहळ सगळीकडे ऐकली. तव्याचा अनुभव घेतल्यावर मला वाटतं, विटा टिकल्या तर चवही बरीच टिकेल. ब्रून मी बेकरीतूनच आणतो, मस्का घरी लावतो.