काळ्या मातीवरचा पाया : मुरमाचा भराव की पाइल?

नाशिकमध्ये दुमजली घर बांधू पाहणाऱ्याने पायाची पद्धत ठरवण्याआधी काळी माती किती खोल आहे हे पाहावे. पांडवलेण्यांच्या डोंगरालगत थोड्या फुटांवर मुरूम लागू शकतो, निफाडच्या बाजूला मात्र काळी जमीन बरीच खोल जाते. एकाच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांतही खोली वेगळी निघते, म्हणून समोरासमोरच्या कोपऱ्यांत निदान दोन चाचणी खड्डे घ्यावेत. ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. जोत्याला जाणाऱ्या तिरक्या तड्यांचे मूळ बहुधा तेच असते.

पहिला पर्याय म्हणजे काळी माती काढून मुरमाचा भराव करणे. काम ओळखीचे आहे. जेसीबी, रोलर आणि मुरूम जवळपास मिळतात. हिशोब मात्र आधी करावा. तीस बाय चाळीस फुटांच्या जागेत पाच फूट खोदल्यास 60 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) पोकळी होते आणि दबाईनंतर मुरूम बसत असल्याने सैल माल त्याहून बराच जास्त लागतो. भराव सुमारे 20 सेंटीमीटरच्या थरांनी, योग्य ओलाव्यावर दाबावा आणि प्रॉक्टर चाचणीतील (प्रयोगशाळेत माती ठरावीक पद्धतीने दाबून पाहण्याच्या चाचणीतील) कमाल शुष्क घनतेच्या 95 टक्के घनता मिळाल्याची खात्री वाळू-प्रतिस्थापन पद्धतीने, म्हणजे भरावात छोटा खड्डा घेऊन तो मोजक्या वाळूने भरून, करून घ्यावी. मे महिन्यात ट्रक रिकामे करून वरून पाइपने पाणी सोडणे म्हणजे दबाई नव्हे; असा भराव पहिल्याच पावसाळ्यात खचतो.

या पर्यायाचा एक दोष क्वचितच सांगितला जातो. काळ्या मातीतल्या खड्ड्यात वाळू किंवा स्वच्छ खडीसारखा मुरूम भरला, तर तो खड्डा हौदासारखा पाणी साठवतो आणि भोवतालची माती आणखी फुगवतो. म्हणून चिकटपणा असलेला, पण न फुगणारा मुरूम निवडावा. मुंबई आयआयटीतील प्रा. कट्टी यांनी अशाच न फुगणाऱ्या मातीच्या सुमारे एक मीटर थराने काळ्या मातीचा फुगवटा आवरता येतो, हे दाखवले होते. घराभोवती उताराचे पेव्हिंग केले नाही, तर उत्तम मुरूमही निम्माच उपयोगी पडेल.

दुसरा पर्याय अंडर-रीम्ड पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या, तळाशी फुगीर काँक्रीटच्या खांबाचा. हा पाइल ऋतुमानाने हलणाऱ्या थराच्या खाली, काळ्या मातीत साधारणपणे किमान साडेतीन मीटर जातो आणि तळाशी त्याचा कंद खोडाच्या अडीचपट रुंद असतो, त्यामुळे फुगणारी माती त्याला सहज वर उचलू शकत नाही. काढायची माती कमी असते. मात्र टणक मुरमात कंद खोदणे अवघड जाते, आणि त्याचे यंत्र व कुशल माणसे हवीच.

काळ्या मातीत चुन्याचे मिश्रण करणे रस्त्यांसाठी चांगले. एका घरासाठी ते एकसारखे मिसळण्याची हमी देणारा कंत्राटदार मिळणे दुरापास्त. पाडकामाचा राडारोडा पायाखाली अजिबात नको.

माझ्या मते काळी माती पाच-सहा फुटांपर्यंत असेल तर भराव करावा, आठ-नऊ फुटांपलीकडे पाइल घ्यावा, आणि मधल्या खोलीला माती तपासणीचा अहवाल पाहून अभियंत्याने ठरवावे. पाइल निवडल्यास ग्रेड बीमच्या (पाइलांची डोकी जोडून भिंती पेलणाऱ्या तुळईच्या) खाली काही सेंटीमीटर मोकळी जागा ठेवायला सांगावे, आणि तळमजल्याची फरशी थेट काळ्या मातीवर टेकणार असेल तर तिच्याखाली न फुगणाऱ्या मुरमाचा थर द्यावा, अन्यथा भिंती जागच्या जागी राहूनही फरशी उचलली जाईल.